ताप नसलेल्या दिवसाचं रक्त

पहाटे ५.४५

शटर उघडल्यावर पहिली नजर फ्रिजच्या तापमापकावर जाते. रात्री दोनदा वीज गेली होती, पण आकडा ५ अंशांवर आहे. आमची रसायनं २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजेत. रात्रीतून ती तापली, तर मशीन दिवसभर आकडे देत राहील आणि त्यातला एकही विश्वासाचा नसेल. ॲनालायझर सुरू करते. त्याचा दिवा तापेपर्यंत कंट्रोलच्या बाटल्या बाहेर काढून ठेवते. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा कंपनीनं आधीच छापून दिलेला असतो असं सीरम. मशीननं तो आकडा बरोबर सांगितला, तरच गावातल्या माणसांचं रक्त लावायचं.

काल घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं. पोळा आणि गोटमार होऊन आठवडा उलटला. पावसाची झड लागली आहे आणि तापाचे पेशंट वाढताहेत. अशा दिवसांत पांढुर्ण्याच्या लॅबमध्ये चिठ्ठीवर सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, वारंवार लिहून येतं. कोरोनाच्या २०२०-२१ च्या लाटांत हे नाव इथल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ झालं. पण ते दोन निरनिराळ्या कामांसाठी लिहिलेलं असतं, आणि त्या दोन कामांसाठी आमच्या फ्रिजमध्ये दोन निरनिराळी किट आहेत.

पहिलं काचपट्टीवरचं. सीरमचा एक थेंब, लेटेक्सचा एक थेंब, दोन मिनिटं पट्टी फिरवायची. कण गोळा झाले तर पॉझिटिव्ह. साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तरच यात काही दिसतं. न्यूमोनिया आहे का, जखम चिघळली का, हे विचारायला एवढं पुरतं. दुसरं एचएस-सीआरपीचं, म्हणजे अतिसंवेदनशील. त्यात सीरममधल्या सीआरपीमुळे आलेला गढूळपणा मशीन प्रकाशानं मोजतं आणि १ च्या खालचा आकडाही वाचतं. हृदयाचा धोका बघायचा तर सगळा फरक याच खालच्या टप्प्यात असतो: १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. अमेरिकेच्या सीडीसीनं आणि तिथल्या हार्ट असोसिएशननं २००३ मध्ये या रेषा आखल्या.

म्हणजे काचपट्टीवर ‘निगेटिव्ह’ आलेल्या माणसाचा खरा आकडा ४ असू शकतो. तो कागद खिशात घालून ‘माझं हार्ट चांगलं आहे’ असं सांगत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘सीआरपी’ असेल आणि पेशंट ताप नाही म्हणत असेल, तर मी डॉक्टरांना फोन करून विचारते की नेमकं कोणतं हवं आहे. अर्ध्या मिनिटाचा फोन असतो, पण तो करावाच लागतो.

सकाळी ६.३०

बाकावर गर्दी आहे ती उपाशीपोटीच्या साखरेवाल्यांची. सीआरपीच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, सकाळ-संध्याकाळनं तिच्यात फारसा फरकही पडत नाही. तिला हवा असतो चांगला दिवस. ताप नाही, सर्दी नाही, जखम नाही, दाढ ठणकत नाही, असा.

म्हणून एचएस-सीआरपीची चिठ्ठी हातात आली की सुई काढण्याआधी विचारते. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, खोकला, जुलाब? कुठं लागलं, खुपलं, टाके? हिरड्यांतून रक्त, दाढ किडलेली? एवढ्यात एखादी लस? हार्मोनच्या किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या? कोलेस्टेरॉलची गोळी? आणि शेवटी बिडी, तंबाखू, खर्रा. यातल्या काही गोष्टींसाठी तपासणी पुढे ढकलायची असते, काही फक्त लिहून ठेवायच्या असतात. गर्भनिरोधक गोळीनं आकडा वाढतो, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीनं उतरतो. रिपोर्ट वाचणाऱ्याला हे कळलं नाही, तर त्याच्या हातात नुसता आकडा उरतो.

आज चिठ्ठी घेऊन आलेत ते सत्तेचाळीसच्या आसपासचे संत्रा-बागायतदार. कपाळाला पट्टी. विचारायची गरजच नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी गोटे चालतात. दर वर्षी शेकडो माणसं जखमी होतात. आमच्याकडे त्या आठवड्यात पट्टी बांधलेलं डोकं ही नवलाची गोष्ट नाही.

“टाके कधी काढणार, भाऊ?”

“परवा बलावलं हाये जी. थोडं ओलं हाये अजून. पू येते.”

“मग ही एक तपासणी आज नाही घ्यायची. बाकीच्या घेते.”

“काहून? डॉक्टरनं लिहून देल्लं हाये न. वावर सोडून आलो मी.”

त्यांचा राग मला पटतो. सकाळचा वेळ, पेट्रोल, मजूर वावरात थांबलेले. म्हणून ‘नंतर या’ एवढंच सांगून भागत नाही, कारणही सांगावं लागतं. सीआरपी हृदयात तयार होत नाही, ते यकृत तयार करतं. शरीरात कुठंही सूज आली, जंतू शिरले, मांस फाटलं, की तिथून इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि यकृत सीआरपी रक्तात सोडायला लागतं. सहा-आठ तासांत आकडा चढू लागतो, दोन दिवसांत शिगेला पोचतो. कारण थांबलं की दर १९ तासांनी निम्मा होत उतरतो. साधी खोक असती तर आठवड्यात बरंच उतरलं असतं. पण पू आहे म्हणजे निरोप अजून जातोच आहे. आज आकडा २० आला काय आणि ८ आला काय, तो कपाळाचा आकडा असेल.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे झाडाखाली संत्री गळून पडली तं झाड तरासात हाये एवढंच समजते. मूळ सडलं का पाखरू लागलं, ते पाहाले जाच लागते.”

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. सध्या आंबिया बहाराची फळं झाडावर हिरवी आहेत आणि बागेबागेत गळ चालू आहे, तोच विचार त्यांच्या डोक्यात.

त्यांच्या बाबतीत ही तपासणी लिहिणं योग्यच होतं, हेही सांगायला हवं. रक्तदाब १३६/८६, एलडीएल कोलेस्टेरॉल १२४, साखर नाही. यातलं काहीच घाबरण्यासारखं नाही, पण सख्ख्या मोठ्या भावाला ४८ व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. गोळी सुरू करावी की करू नये, याच्या मधोमध उभा असलेला माणूस. अशांसाठीच अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शनात २ किंवा त्याहून जास्त एचएस-सीआरपी ही ‘धोका वाढवणारी गोष्ट’ म्हणून धरली आहे. ज्याचा धोका उघडच मोठा आहे, ज्याला एक अटॅक येऊन गेला आहे, त्याला स्टॅटिन द्यायची का हे ठरवायला या आकड्याची वाट पाहायची नसते.

जखम भरल्यावर तीन आठवड्यांनी या, भावाचे नागपूरचे कागद सोबत आणा, असं चिठ्ठीमागे लिहून दिलं.

“मंग याचे पैसे?”

“जे केलंच नाही त्याचे कायले घेऊ, भाऊ?”

सकाळी ८.१५

मावशी तिगावकडून आल्या. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळत नाही. आमवाताचं निदान जुनं आहे. त्यांना सीआरपी आणि ईएसआर दोन्ही. ईएसआरची नळी २०० मिलिमीटरची. सायट्रेट मिसळलेलं रक्त भरून उभी ठेवायची आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते पाहायचं. वेस्टरग्रेन यांची ही पद्धत १९२१ पासून जवळजवळ तशीच चालत आली आहे.

स्वस्त आहे, पण आमच्या भागात ईएसआरवर फार भरवसा ठेवता येत नाही. बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की नुसत्या त्यानंच आकडा वर जातो. आणि सिकलसेल असेल तर उलट: कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे अंगात सूज असूनही ईएसआर कमी दिसतो. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालं. विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यातल्या लॅबवाल्यानं तो आजार डोक्यात ठेवूनच ईएसआर वाचायला हवा.

मावशींचं सीआरपी जास्त येणार हे मला ठाऊक आहे. त्यांच्या बाबतीत ‘आकडा सांध्यांचा आहे, हृदयाचा नाही’ असं म्हणून सोडून देता येत नाही. वर्षानुवर्षं सांधे सुजलेले राहिले की त्याचा भार रक्तवाहिन्यांवरही पडतो. युरोपातले संधिवाततज्ज्ञ आमवाताच्या रुग्णाचा हृदयविकाराचा धोका मोजून झाला की त्याला दीडनं गुणायला सांगतात. मावशी मात्र रक्तदाब मोजायला कधी गेल्याच नाहीत, कारण दुखतं ते बोटांत. सुई काढून बोळा धरायला दिला आणि तिथंच त्यांचा रक्तदाब घेतला. १५४/९२. चिठ्ठीवर लाल पेननं लिहिला.

सकाळी १०.००

रक्त गोठायला अर्धा तास, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं. झाकण उघडलं तर तीन नळ्यांतलं सीरम दुधासारखं पांढरं. कालच्या पुरणपोळीचं तूप. उपाशी म्हणून आलेत, पण रात्री अकराला जेवलेत. एचएस-सीआरपी गढूळपणावर मोजतात, त्यामुळे सीरम मुळातच गढूळ असेल तर मशीन फसू शकतं. तिन्ही नळ्या बाजूला ठेवल्या, तिघांना फोन केले.

मशीन चालतंय तोवर थोडं या प्रथिनाविषयी. ते १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटत होतं, तिथून सी-रिॲक्टिव्ह. पुढची साठ-सत्तर वर्षं ते तापाचंच प्रथिन राहिलं. १९९७ मध्ये बॉस्टनचे पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी जुनं साठवलेलं रक्त तपासून दाखवलं की वरवर निरोगी पुरुषांत ज्यांचं सीआरपी थोडंसं जास्त होतं, त्यांना पुढच्या काही वर्षांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त आले.

त्यामागचं कारण आता बरंच उलगडलं आहे. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल नुसतं साचत नाही. ते साचलं की पांढऱ्या पेशी तिथं धावतात, ते गिळतात, फुगतात, मरतात. ती जागा सुजलेली राहते. वरचं पातळ आवरण एक दिवस फाटतं, तिथं रक्ताची गाठ होते आणि वाट बंद पडते. म्हणूनच थोडीच अडलेली नसही अचानक घात करते. ही सूज दारातूनच दिसावी म्हणून सीआरपी. पण सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. ज्यांच्या जनुकांमुळेच ते जन्मभर थोडं जास्त राहतं, त्यांना त्यामुळे जास्त अटॅक येत नाहीत. आकडा खाली आणणं हे उपचाराचं ध्येय नव्हे, हे मला पेशंटला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुपारी १२.३०

बर्फाचा डबा, रिकाम्या नळ्या, सुया घेऊन सौसरची बस. पांढुर्णा आणि सौसर दोन्ही ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता पांढुर्णा हाच जिल्हा आहे. कागद हिंदीत, रिपोर्ट इंग्रजीत, बोलणं मराठीत, आणि जिवावरचं दुखणं नागपूरला. १९५६ मध्ये राज्याची सीमा मधून गेली, पण आमची आजारी माणसं आजही ती ओलांडूनच जातात.

नागपूरचा एक अभ्यास मला या वाटेवर आठवतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी इंटरहार्ट या ५२ देशांच्या संशोधनातली दक्षिण आशियाची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, इतर देशांत सुमारे ५९ व्या. पाहिलेल्या गोष्टी: बिघडलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मनावरचा ताण, कमी हालचाल, फळं-भाज्या कमी, दारू. अशा नऊ गोष्टींनी मिळून आपल्याकडचा जवळजवळ ८६ टक्के धोका उलगडतो. सीआरपी त्या यादीत नव्हतंच. म्हणून माझं मत पक्कं आहे. ज्यानं कधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून घेतला नाही, त्यानं एचएस-सीआरपीवर पैसे घालू नयेत. ही तपासणी या सगळ्यांच्या नंतरची आहे.

दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पुरुषांत सीआरपी तिथल्या गोऱ्या पुरुषांपेक्षा १७ टक्के जास्त निघालं, असं २००१ मध्ये आढळलं. पोटावरची चरबी आणि इन्शुलिनला न जुमानणारं शरीर यांच्याशी त्याचा संबंध होता. पोटातली चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडते. बारीक हातापायांचा आणि पुढे आलेल्या पोटाचा माणूस आमच्या बाकावर रोज असतो.

दुपारी २.००, सौसर

बोरगावच्या कारखान्यांतले कामगार दुपारच्या पाळीआधी येतात. बत्तीस-पस्तीस वर्षांचा एक मुलगा मोबाइल पुढे करतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या ‘हार्ट पॅकेज’मध्ये मागच्या महिन्यात एचएस-सीआरपी ११.२ आलं, जाड ठशात, बाजूला बाण.

“ताई, मले अटॅक येऊन राहिला का? झोपच नाही लागत.”

तेव्हा ताप होता का? होता. चिकनगुनियासारखी सांधेदुखी, चार दिवस सुट्टी, आणि कामावर आल्या आल्या कंपनीचा कॅम्प. १० च्या वरचा आकडा हृदयाच्या हिशेबात धरायचाच नसतो. आधी संसर्ग किंवा दुसरी सूज शोधायची आणि बरं झाल्यावर पुन्हा बघायचं. एवढं एक वाक्य त्या रिपोर्टवर छापलेलं असतं तर एका तरुण माणसाची महिन्याभराची झोप गेली नसती. पॅकेज वाईट नाहीत. पण न विचारता घेतलेलं रक्त आणि न समजावता दिलेला कागद, यांनी माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो. आज त्याला ताप नाही, खोकला नाही. नळी भरून घेतली.

आणि एकदा नव्हे, दोनदा बघायचं, दोन आठवड्यांच्या अंतरानं, आणि सरासरी धरायची. २००३ पासून हेच सांगितलं गेलं आहे, पण ते फार थोड्या चिठ्ठ्यांवर दिसतं.

दुपारी २.५०

दुकानदार, पन्नाशीचे, घामानं शर्ट भिजलेला, डावा हात चोळत. सोबतचा भाऊ म्हणतो, “गॅस झाली. तुम्ही हार्टची तपासणी करून टाका लवकर.”

मी सुई काढली नाही. १०८ ला फोन लावला, पण बाहेर ओळखीचा ऑटो उभा होता, त्यातूनच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, कारण तिथं ईसीजी लगेच निघतो. भाऊ चिडला होता, “इथंच रक्त घेतलं असतं तं काय बिघडलं असतं?”

बरंच बिघडलं असतं. छातीत दुखायला लागल्यावर पहिल्या तासाला सीआरपी नॉर्मल असू शकतं. स्नायू मेल्यावर ते चढतं आणि शिखर गाठतं दोन दिवसांनी. अटॅक ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीतसुद्धा आकडा दिसायला काही तास लागतात. माझ्या ‘नॉर्मल’ कागदावर विसंबून ते घरी जाऊन आडवे झाले असते. एचएस-सीआरपी ही पुढच्या दहा वर्षांची तपासणी आहे, या दहा मिनिटांची नाही. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं: तेव्हा ईसीजी, आणि तोही जिथं डॉक्टर आहे तिथं. लॅब ही त्या क्षणी चुकीची जागा आहे, हे लॅबमध्ये काम करणाऱ्यानंच सांगितलं पाहिजे.

ईसीजीत बदल होते. औषध देऊन त्यांना पुढे नागपूरला हलवलं, एवढं तासाभरानं कळलं.

संध्याकाळी ५.३०

परत पांढुर्णा. दुपारच्या नळ्या फिरवल्या, पुन्हा कंट्रोल, मग सौसरचे नमुने. बोरगावच्या मुलाचं १.४. त्याला लगेच फोन केला. हा रिपोर्ट छापून होईपर्यंत ठेवण्यासारखा नव्हता.

पुढचा आकडा ३.९. इथल्याच शाळेतल्या शिक्षिका, ५२ वर्षांच्या, सकाळी शाळेआधी रक्त देऊन गेलेल्या. त्यांचा महिन्यापूर्वीचा रिपोर्ट नागपूरचा आहे, आणि त्यावर ०.४२ लिहिलेलं आहे.

संध्याकाळी ७.००

बाई कागद घ्यायला आल्या आणि तिथंच खुर्चीवर बसल्या. “ताई, महिन्यात दहापट वाढलं?”

वाढलेलं नाही. नागपूरच्या कागदावर आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, आमच्याकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.४२ ला दहानं गुणलं की ४.२. म्हणजे ४.२ आणि ३.९, जवळजवळ एकच. त्यांच्यासमोर दोन्ही कागदांवर एकच एकक लिहून दिलं. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवणाऱ्या प्रत्येकानं आधी आकड्याशेजारचं ते बारीक अक्षर वाचावं.

पण गोष्ट इथं संपत नाही. दोन निरोगी दिवसांचं रक्त, महिन्याचं अंतर, आणि दोन्ही वेळा ३ च्या वर. ना ताप, ना जखम, ना गोळ्या. या वेळी आकडा खरंच काही सांगतो आहे. बाईंना घेऊन शेजारच्या डॉक्टरसाहेबांकडे गेले. साहेबांनी बायकांवरच्याच एका अभ्यासाचा दाखला दिला: अमेरिकेतल्या २७,९३९ बायकांचं एकदाच रक्त घेऊन ३० वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०२४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत, एचएस-सीआरपी सगळ्यांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्श्यातल्या बायकांना सगळ्यांत कमी असलेल्यांपेक्षा हृदयरोग आणि पक्षाघात वगैरेंचा धोका ७० टक्के जास्त निघाला. एलडीएलसाठी हाच फरक ३६ टक्के होता. म्हणजे कोलेस्टेरॉल ठीक आहे म्हणून बाईमाणसानं हा आकडा बाजूला टाकू नये.

बाईंचा पुढचा प्रश्न सरळ होता. “मग सूज उतरायची गोळी द्या न.”

साहेब घाई करणारे नाहीत. सूज थांबवून हृदय वाचतं हे सिद्ध झालं आहे, त्यांनी सांगितलं. २०१७ च्या कँटोस चाचणीत १०,०६१ रुग्णांना, ज्यांना आधी अटॅक येऊन गेला होता आणि सीआरपी २ च्या वर होतं, कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन देऊन पाहिलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता १५० मिलिग्रॅमच्या मात्रेनं पुढचे झटके १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जीवघेणे संसर्गही वाढले, आणि औषध भयंकर महाग. गाउटवरची जुनी स्वस्त कोल्चिसिन गोळी, रोज अर्धा मिलिग्रॅम, २०२० च्या चाचणीत जुन्या हृदयरुग्णांना उपयोगी पडली. २०२४ मध्ये ताज्या अटॅकनंतर देऊन पाहिली तर फायदा दिसला नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ती धोक्याची. जिला अजून हृदयरोगच नाही तिच्यासाठी ती गोळी नाही.

स्टॅटिनचं वेगळं. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ माणसं होती, एलडीएल १३० च्या आत, एचएस-सीआरपी २ किंवा वर. रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात आणि त्यांच्यासारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. हा फायदा सूज उतरल्याचा की कोलेस्टेरॉल आणखी उतरल्याचा, यावर जाणकार अजून वाद घालतात. ही तपासणी सगळ्यांची करावी का, यावरही एकमत नाही: युरोपनं २०२१ मध्ये सरसकट करू नये म्हटलं, अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीनं २०२५ मध्ये सगळ्यांचीच करावी असं सुचवलं. माझ्या बाकावरून पाहता मला दोन्हींच्या मधलं पटतं. ज्याचा निर्णय अडलेला आहे त्याची जरूर करावी, नीट विचारून, नीट दिवस निवडून, दोनदा.

साहेबांनी मग बाईंना तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या सुजलेल्या, दोन दाढांशी किटण. ब्रश करताना रक्त येतं हे बाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सकाळी मी विचारल्यावरही ‘नाही’ म्हणाल्या होत्या. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवतो. कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. आधीची उपाशीपोटीची साखर ११२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पाळी दोन वर्षांपूर्वी थांबलेली, वडील ५८ व्या वर्षी गेलेले, कशानं ते घरात कुणाला नक्की माहीत नाही.

रात्री ८.४०

बाईंच्या चिठ्ठीवर आता आहे: दंतवैद्य, या आठवड्यात. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. रक्तदाब घरी सात दिवस लिहून आणणं. लिपिड पुन्हा, आणि साखरेची एचबीए१सी. हिरड्यांचं काम झाल्यावर दोन महिन्यांनी एचएस-सीआरपी तिसऱ्यांदा, आणि स्टॅटिनचा निर्णय तेव्हा सगळे कागद एकत्र ठेवून.

एचबीए१सीला उपाशी यायची गरज नाही, जांभळ्या झाकणाची नळी लागते. उद्या शाळा साडेदहाची आहे, बाई दहाच्या आत येतील. पहाटेच्या ट्रेमध्ये त्यांची नळी नाव लिहून वेगळी ठेवली.